पार्टीच्या नॅशनल कन्व्हेन्शनला डेलिगेट म्हणून जायचंय? मग उन्हाळ्याची वाट बघत बसू नका

दर चार वर्षांनी उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये टीव्हीसमोर एक प्रश्न हमखास निघतो, की ही चित्रविचित्र टोप्या घातलेली, पाट्या हलवणारी आणि शेवटच्या रात्री फुगे पडले की नाचणारी माणसं नक्की कोण असतात आणि त्यांना आत कोण सोडतं. तर ते डेलिगेट असतात. बहुतेक जण तुमच्याआमच्यासारखेच, कोणी शिक्षिका, कोणी रिटायर झालेले, कोणी आयटीवाले, आणि ते तिकीट काढून नाही तर निवडून येऊन तिथे बसलेले असतात. गंमत अशी की हा प्रश्न तुम्हाला टीव्ही बघताना पडला असेल तर त्या वर्षीची गाडी कधीच गेलेली असते, कारण डेलिगेट होण्याचं खरं काम त्याच वर्षी हिवाळ्यात आणि वसंतात, कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये नाहीतर युनियनच्या हॉलमध्ये, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकलेलं असतं. म्हणून या लेखात स्टेडियमच्या आधीचंच जास्त आहे, कंटाळा आला तरी वाचा.

ज्यांना अजिबातच माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पार्ट्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षी चार दिवसांचं अधिवेशन भरवतात आणि तिथे आपला उमेदवार अधिकृतपणे ठरवतात. २०२४ मध्ये रिपब्लिकनांचं १५ ते १८ जुलैला मिलवॉकीत झालं, तिथे २,४२९ डेलिगेट होते. डेमोक्रॅटचं १९ ते २२ ऑगस्टला शिकागोत झालं आणि तिथे साडेचार हजारांच्या वर. आपल्या लोकांना पटकन कळावं म्हणून सांगायचं तर बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन डोळ्यासमोर आणा, तीच गर्दी, तीच नाश्त्याची रांग, तेच गळ्यातले बिल्ले, फक्त दारात सीक्रेट सर्व्हिस. (आणि जेवण बीएमएमचं कितीतरी चांगलं असतं, ते पुढे येईलच.)

मी डेमोक्रॅटिक बाजूचं जास्त लिहितोय, कारण त्यांचे बरेचसे नियम देशभर एकसारखे आहेत आणि समजावून सांगता येतात. रिपब्लिकनांचं राज्यागणिक बदलतं, तिथे जमेल तसा फरक सांगत जातो. कोणाला मत द्यायचं हे तुमचं तुम्ही बघा.

आधी पासपोर्ट बघा

डेलिगेट व्हायचं तर अमेरिकेचं नागरिकत्व लागतं आणि त्या पार्टीचे मतदार म्हणून तुम्ही पात्र असावे लागता. ग्रीन कार्डवर चालत नाही, एच-१बी वर तर नाहीच. इथे एक गोष्ट अगदी जीव तोडून सांगतो: नागरिक नसताना मतदार नोंदणीचा फॉर्म कोणी हातात दिला, डीएमव्हीच्या (गाडीचं लायसन्स देणाऱ्या ऑफिसच्या) काउंटरवर दिला, जत्रेत एखाद्या हसतमुख मुलीने दिला, तरी भरू नका. नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो, डिपोर्टेशनपर्यंत प्रकरण जाऊ शकतं आणि मला माहीत नव्हतं हे कारण कोणी ऐकून घेईलच असं नाही.

मग ग्रीन कार्डवाल्यांनी आणि व्हिसावाल्यांनी काय करायचं? प्रचारात पगार न घेता व्हॉलंटियर म्हणून काम करता येतं, फोन करा, दारं वाजवा. ग्रीन कार्ड असेल तर डोनेशनही देता येतं, एच-१बी वर डोनेशन देता येत नाही. आणि कन्व्हेन्शन ज्या शहरात असतं तिथली होस्ट कमिटी हजारो व्हॉलंटियर घेते, पाहुण्यांना रस्ता दाखवायला, एअरपोर्टवर उभं राहायला, त्यात डोकावून बघा.

आणि तुम्ही अमेरिकन पासपोर्ट घेऊन पुण्यात किंवा नाशकात परत जाऊन राहिला असाल तर अजून एक दार आहे. डेमोक्रॅट्स अब्रॉड नावाची पार्टीचीच शाखा आहे, तिला एखाद्या राज्यासारखं वागवतात, तिची स्वतःची प्रायमरी (पार्टीचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) असते आणि ती स्वतःचे डेलिगेट पाठवते. बाणेरमध्ये बसून डेलिगेट होता येतं हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

मतदार नोंदणीत पार्टीचा रकाना

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा राज्यांत नोंदणी करताना पार्टी लिहावी लागते. टेक्सासमध्ये तसा रकानाच नाही, तिथे तुम्ही कोणत्या प्रायमरीत मत दिलंत त्यावरून ठरतं. ज्यांनी नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवशी उत्साहात फॉर्म भरला आणि पार्टीचा रकाना कोरा सोडला ते पुष्कळ आहेत, त्यांनी आजच तपासा. ही चूक भल्याभल्यांची होते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रायमरीत ट्रम्प यांच्या मुलांपैकी इव्हान्का आणि एरिक यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही, कारण रिपब्लिकन म्हणून नोंदणी बदलायची मुदत त्यांनी चुकवली होती.

तुमच्या राज्याचा प्लॅन शोधून वाचा

प्रत्येक राज्याची डेमोक्रॅटिक पार्टी डेलिगेट सिलेक्शन प्लॅन नावाचा एक लांबलचक कागद काढते, निवडणुकीच्या आदल्या वर्षी. राज्याच्या पार्टीकडे तो मिळतो, भाषा वकिली असते, पण त्यात तारखा असतात आणि सगळा खेळ तारखांचा आहे. अर्ज कधीपर्यंत, फी आहे का, सह्या किती, निवड कुठे. प्रिंट काढा, हायलायटर घ्या.

त्यात डेलिगेटचे प्रकार दिसतील. नवख्या माणसासाठी सगळ्यात सोपा रस्ता डिस्ट्रिक्ट लेव्हलचा, म्हणजे तुमच्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमधून (खासदाराच्या मतदारसंघातून) निवडून जायचं. दुसरा ॲट-लार्ज, म्हणजे पूर्ण राज्यातून, हे शेवटी भरतात. तिसरा पार्टीच्या पुढाऱ्यांचा आणि निवडून आलेल्या लोकांचा, मेयर, राज्याचे आमदार वगैरे, त्यात आपण पडत नाही. आणि या सगळ्यांहून वेगळे ऑटोमॅटिक डेलिगेट, ज्यांना लोक सुपरडेलिगेट म्हणतात: गव्हर्नर, खासदार, नॅशनल कमिटीचे मेंबर. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसवर निवडून गेले, ते या प्रकारात येतात. २०१८ मध्ये नियम बदलला, आता चुरशीची लढत असेल तर पहिल्या फेरीत हे ऑटोमॅटिकवाले मत देऊ शकत नाहीत, म्हणजे निवडून आलेल्या साध्या डेलिगेटची किंमत तेवढी वाढली.

रिपब्लिकनांकडे ढोबळ हिशोब असा: प्रत्येक काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमागे ३, राज्यामागे १० ॲट-लार्ज, शिवाय राज्यातले तीन नॅशनल कमिटी मेंबर, आणि राज्य त्या पार्टीच्या ताब्यात असेल तर बोनस. त्यांच्याकडे जवळपास जेवढे डेलिगेट तेवढेच अल्टरनेट (म्हणजे राखीव डेलिगेट), त्यामुळे अल्टरनेट म्हणून शिरकाव करायला जागा जास्त.

निवड कशी होते याच्या तऱ्हा तर विचारूच नका. इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात डिस्ट्रिक्टच्या डेलिगेटचं नाव थेट प्रायमरीच्या बॅलटवर छापून येतं, आधी सह्या गोळा कराव्या लागतात. टेक्सास, मिनेसोटासारख्या ठिकाणी शिडी आहे: आधी गल्लीतली सभा, मग काउंटीची किंवा त्या पातळीची, मग वरची, मग राज्याचं अधिवेशन, आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा निवडून यायचं. काही राज्यांत शनिवारी सकाळी एक कॉकस, म्हणजे पार्टीच्या मतदारांची निवडसभा असते, जो आपले लोक जास्त आणेल तो जिंकतो, विषय संपला.

लोकल मीटिंगला तोंड दाखवा, आणि हे आत्ता

निवडणुकीला अजून दोन वर्षं आहेत ना? उत्तम. तुमच्या टाऊनच्या नाहीतर काउंटीच्या पार्टी कमिटीची महिन्याला एक मीटिंग असते, तिला जायला लागा. तिथे काय होतं? मागच्या मीटिंगचे मिनिट्स वाचतात, खजिनदार सांगतो की खात्यात फार काही नाही, मग लायब्ररीच्या पार्किंगवरून कोणीतरी पाऊण तास बोलतं. बसा. खुर्च्या मांडायला आणि नंतर उचलायला मदत करा. आपल्याकडे पन्नास वर्षं कार्यकर्ते सतरंज्या उचलून मोठे झाले, इथेही वेगळं काही नाही. बऱ्याच ठिकाणी प्रिसिंक्ट (सगळ्यात छोटा मतदान विभाग) कमिटीच्या जागा रिकाम्या पडलेल्या असतात, कोणी उभंच राहत नाही, तुम्ही हात वर केलात की तुम्ही.

हे कशासाठी, तर डेलिगेटच्या निवडणुकीला मत देणारी माणसं हीच असतात. सगळ्या डिस्ट्रिक्टमधून त्या कॉकसला येणार किती, तर बऱ्याचदा एका मोठ्या मराठी लग्नाच्या पंगतीपेक्षाही कमी, आणि त्यातल्या निम्म्यांनी तुम्हाला दोन वर्षं खुर्च्या उचलताना बघितलं असेल तर तुमचं अर्धं काम झालं. माझं मत विचाराल तर डेलिगेट होण्याचा सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात कमी लोक वापरतात असा मार्ग हाच आहे. आपले लोक एकदम गव्हर्नरच्या फंडरेझरमध्ये फोटो काढायला जातात, चेक देतात, आणि मग कॉकसच्या दिवशी त्यांना ओळखणारं कोणी नसतं.

उमेदवार निवडा, नाहीतर काही खरं नाही

डेमोक्रॅटिक डेलिगेट कोणत्यातरी एका राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या नावाने उभा राहतो (किंवा अनकमिटेड, म्हणजे कोणालाच न बांधलेला म्हणून). तुमच्या उमेदवाराला राज्यात किंवा डिस्ट्रिक्टमध्ये जेवढ्या टक्के मतं तेवढ्या प्रमाणात त्याच्या वाट्याला जागा, पण १५ टक्क्यांच्या खाली गेला की शून्य. म्हणजे तुम्ही कॉकसमध्ये कितीही लोकप्रिय असा, तुमचा उमेदवार ११ टक्क्यांवर अडकला तर तुम्ही घरी. उलट जो उमेदवार आघाडीवर असतो त्याच्या नावाने उभं राहणाऱ्यांची रांग लागलेली असते. मनाने ठरवायचं की डोक्याने ते तुम्ही बघा.

आणि एक मेख आहे जी नवख्यांना शेवटपर्यंत कळत नाही. अर्जदारांची यादी त्या उमेदवाराच्या कॅम्पेनकडे जाते आणि त्यांना नावं काढून टाकायचा हक्क असतो. तुम्ही फेसबुकवर दुसऱ्याच उमेदवाराचे झेंडे नाचवले असतील तर ते बघतात बरं का. म्हणून राज्यातल्या कॅम्पेनच्या लोकांना आधीपासून ओळखत असलेलं बरं, थोडे फोन बँकिंगचे (मतदारांना प्रचाराचे फोन करण्याचे) तास नावावर असू द्या.

रिपब्लिकनांमध्ये काही राज्यांत जिंकेल त्याला सगळे, काही ठिकाणी प्रमाणात, आणि अनेकदा डेलिगेट माणूस कोण हे वेगळ्या अधिवेशनात ठरतं, त्यामुळे मनातून एकाचा पाठीराखा आणि नियमाने दुसऱ्याला बांधलेला असे नमुनेही तयार होतात.

अर्ज, भाषण आणि माणसं जमवणं

अर्ज छोटा असतो, वेळेत भरा, पोच ठेवा. भाषण बहुतेक ठिकाणी मिनिटभराचं, कधी त्याहूनही कमी. त्यात अमेरिकेत दोन सूटकेस घेऊन आलो ही गोष्ट सांगू नका, खोलीतल्या प्रत्येक देशी माणसाकडे तीच गोष्ट आहे. काय केलंत ते सांगा: अमुक स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत एवढी दारं वाजवली, अमक्या टाऊनशिपमध्ये एवढ्या लोकांची नोंदणी केली. नाव सोपं करून सांगायची गरज नाही पण हळू सांगा, दोनदा सांगा, आणि बॅलटवर जसं छापलंय तसंच सांगा, म्हणजे लोकांना शोधता येतं.

माणसं जमवताना एक काळजी घ्या. बहुतेक महाराष्ट्र मंडळं ५०१(सी)(३) प्रकारच्या ना-नफा संस्था असतात, त्यांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने मनाई आहे. मंडळाच्या ईमेल लिस्टवर, गणपतीच्या स्टेजवरून, मंडळाच्या नावाने चालणाऱ्या ग्रुपवर मला मत द्या असं टाकू नका, कमिटीतल्या लोकांना उगाच ताप. वैयक्तिक फोन करा ना, शंभर घरं तर ओळखीची असतात. आणि नुसतं येतो येतो म्हणणाऱ्यांवर विसंबू नका, शनिवारी सकाळी मुलांची सॉकरची मॅच असते, मराठी शाळा असते, कोणाला तरी एअरपोर्टला जायचं असतं. कारपूल लावा, आदल्या रात्री परत फोन करा, आलेल्या माणसाची नोंदणी त्याच डिस्ट्रिक्टची आणि त्याच पार्टीची आहे ना ते आधी तपासा, नाहीतर एवढ्या लांबून आलेले काका दारातून परत जातात आणि पुढची पाच वर्षं ऐकवतात.

डेमोक्रॅटिक नियमांत पुरुष आणि स्त्रिया समसमान हव्यात, आणि प्रत्येक राज्याच्या प्लॅनमध्ये तरुण, एशियन अमेरिकन, दिव्यांग वगैरे गटांसाठी उद्दिष्टं असतात, पण तो हक्काचा कोटा नाही. डिस्ट्रिक्टला हरलात तर लगेच ॲट-लार्जचा अर्ज करा, तिथे हा समतोल साधायला बघतात आणि दक्षिण आशियाई नावाला खरंच संधी असते. तेही नाही तर अल्टरनेट. तेही नाही तर प्लॅटफॉर्म (पार्टीचा जाहीरनामा), रूल्स आणि क्रेडेन्शियल्स (कोणाला डेलिगेट मानायचं ते) या तीन कमिट्यांवर जायला बघा, तिथे खरं काम असतं. १९६४ मध्ये अटलांटिक सिटीत मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनी क्रेडेन्शियल्स कमिटीपुढेच साक्ष दिली होती, गोऱ्यांच्याच शिष्टमंडळाला जागा का म्हणून, आणि ती साक्ष देशभर टीव्हीवर दिसली.

पैसे

पार्टी तुम्हाला सहसा एक डॉलर देत नाही. विमान, चार-पाच रात्रींचं हॉटेल, जेवणखाण, काही राज्यांत डेलिगेशनची (म्हणजे राज्याच्या सगळ्या डेलिगेटच्या गटाची) फी, सगळं खिशातून, हिशोब हजारोंत जातो. सुट्टी टाकावी लागते ती वेगळी. त्यामुळे बरेच डेलिगेट क्राउडफंडिंग करतात आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही, राज्याची पार्टीही कधीकधी विद्यार्थ्यांना वगैरे मदत करते, विचारून बघा.

फक्त हा फेडरल निवडणुकीचा भाग आहे हे विसरू नका. डेलिगेटच्या खर्चासाठी मिळालेल्या पैशाला रकमेची मर्यादा नाही पण कोणाकडून घ्यायचे याला आहे: कॉर्पोरेशनकडून नाही आणि परदेशी नागरिकाकडून नाही (ग्रीन कार्डवाले यात धरत नाहीत). म्हणजे तुमच्या स्वतःच्या एलएलसीचा किंवा इन्कॉर्पोरेटेड कंपनीचा चेक फाडायच्या आधी नियम विचारा, आणि सदाशिव पेठेतल्या मामांनी कौतुकाने पाठवलेले पन्नास हजार रुपये प्रेमाने परत करा. व्हिसावरच्या मित्राचेही नकोत.

हॉटेल तुमच्या हातात नसतं

प्रत्येक राज्याच्या डेलिगेशनला एक हॉटेल नेमून देतात आणि तुम्ही तिथेच राहावं अशी अपेक्षा असते, कारण सगळं तिथेच घडतं. स्वस्तात दुसरीकडे राहायचा मोह होईल, पण रोजचा पास तिथेच सकाळी वाटतात, बस तिथूनच सुटते, त्यामुळे वाचवलेले पैसे उबरमध्ये जातात. रूममेट शोधा, खर्च अर्धा होतो.

हॉटेल कुठे मिळेल यात पार्टीचं राजकारण असतंच. लढतीची राज्यं आणि उमेदवाराचं राज्य यांना जवळचं, बाकीच्यांना मिळेल ते. २०१६ मध्ये रिपब्लिकन कन्व्हेन्शन क्लीव्हलंडला होतं आणि कॅलिफोर्नियाचं भलंमोठं डेलिगेशन टाकलं होतं सँडस्कीला, तासभर लांब, वॉटरपार्कच्या रिसॉर्टमध्ये, आणि वर तिथे त्यांच्या स्टाफमधल्या लोकांना नोरोव्हायरसची (उलट्या-जुलाबाच्या विषाणूची) लागण झाली. हात धुवा एवढंच सांगतो.

तिथला एक दिवस

सकाळी साडेसात-आठला डेलिगेशनचा नाश्ता. झोप कितीही येत असली तरी चुकवू नका, एक म्हणजे त्या दिवसाचा पास तिथे मिळतो (रोजचा वेगळा, हरवला तर दुसरा मिळेल या भ्रमात राहू नका) आणि दुसरं म्हणजे पुढच्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायची इच्छा असलेले गव्हर्नर आणि सिनेटर या नाश्त्यांना फेऱ्या मारतात. स्टेडियममध्ये ते तुम्हाला मुंगीएवढे दिसणार, इथे तुमच्या टेबलाशी येऊन हात मिळवतात.

दुपारी कॉकसच्या बैठका (इथे कॉकस म्हणजे निवडसभा नाही, एकेका समाजाचा किंवा विषयाचा गट). शिकागोत त्या मॅकॉर्मिक प्लेसला होत्या आणि रात्रीचा कार्यक्रम युनायटेड सेंटरला, दोन्ही चालत जाण्यासारखं अंतर नाही. एशियन अमेरिकन कॉकसला जाच, देशभरातले आपले लोक तिथे भेटतात, आणि टीव्हीवाले कमी असल्यामुळे लोक मोकळं बोलतात.

मग संध्याकाळ. निघा लवकर, खूप लवकर. सुरक्षेची सगळी सूत्रं सीक्रेट सर्व्हिसकडे असतात, बाहेरचं कडं, आतलं कडं, विमानतळासारखी तपासणी, रांग कधीकधी तास खाते. मोठी बॅग, छत्री, सेल्फी स्टिक नेऊ नका, मनाई असलेल्या वस्तूंची यादी आधी येते ती वाचा. पॉवर बँक चालते का ते त्या यादीत बघा आणि चालत असेल तर न्याच, दुपारी चारलाच फोन माना टाकतात. जोडे जुने घाला. एसी कडक असतो, शाल किंवा स्वेटर असू द्या.

खाण्याचे हाल आहेत हे स्पष्ट सांगतो. आत स्टेडियमचं खाणं, म्हणजे हॉटडॉग, पिझ्झा, नाचोज, पॉपकॉर्न, आणि भाव स्टेडियमचेच. शाकाहारी असाल तर संध्याकाळी चारला पोटभर जेवून मगच बस पकडा, आणि हॉटेलच्या खोलीत चिवडा, दशम्या, मेतकूट, काय असेल ते ठेवा, कारण प्राइम टाइमची भाषणं ईस्ट कोस्टच्या घड्याळावर लावलेली असली तरी लांबतात. शिकागोत पहिल्या रात्री बायडन यांचं भाषण संपेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. त्यानंतर बसची रांग. दोनला झोपायचं आणि सातला पुन्हा नाश्ता, असे चार दिवस.

फ्लोअरवर (डेलिगेट बसतात त्या मधल्या भागात) एकदा जागा धरली की शक्यतो सोडू नका. गर्दी वाढली की फायर मार्शल फ्लोअर बंद करतात आणि मग तुमच्या गळ्यात कोणताही पास असला तरी तुम्ही बाहेर. बाथरूमला जाताना शेजाऱ्याला सांगून जा. नवरा, बायको, मुलं सोबत येणार असतील तर त्यांना फ्लोअरवर जागा नसते, गेस्ट पास मोजके आणि लांबचे, आधीच डेलिगेशनच्या लोकांच्या मागे लागा.

पाट्या स्वतःच्या न्यायच्या नाहीत. व्हॉलंटियर गठ्ठे घेऊन फिरतात, कोणत्या भाषणाला कोणती पाटी हे ठरलेलं असतं, रंगीत जॅकेट घातलेले व्हिप (डेलिगेटना सूचना देणारे लोक) खूण करतात तेव्हा उचलायची. उत्स्फूर्त दिसतं ना टीव्हीवर? तर असं.

मत देणं, म्हणजे ज्यासाठी आलात ते

खरं सांगायचं तर ते बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. एका फेरीत निकाल न लागलेलं शेवटचं कन्व्हेन्शन डेमोक्रॅटचं, १९५२ चं, शिकागोतलं, ॲडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत उमेदवार म्हणून निवडून आले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्याच कन्व्हेन्शनला तर १०३ फेऱ्या झाल्या होत्या, दोन आठवड्यांच्या वर लोक तिथे अडकले, हॉटेलचं बिल कोणी भरलं असेल देव जाणे. आता रोल कॉल म्हणजे सोहळा असतो, प्रत्येक राज्य आपलं कौतुक करून आकडा सांगतं. २०२४ मध्ये तर डीजे लावून प्रत्येक राज्याला गाणं वाजवलं.

तुमचं काम म्हणजे डेलिगेशनच्या सेक्रेटरीकडे नाव, सही आणि मत वेळेत नोंदवणं. डेमोक्रॅटिक नियम म्हणतो की ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना सद्सद्विवेकाने मांडा. रिपब्लिकन नियम कडक आहे, बांधलेलं मत तसंच मोजतात. २०१६ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या लोकांनी माइकवर १० रुबिओ आणि ९ केसिक (ट्रम्प यांचे प्रायमरीतले प्रतिस्पर्धी) असं सांगितलं, तरी मंचावरून १९ च्या १९ मतं ट्रम्प यांच्या नावे नोंदवली गेली.

बाकीचे ठराव आवाजी मतदानाने होतात आणि तिथे गंमत बघायला मिळते. २०१२ मध्ये डेमोक्रॅटच्या शार्लटच्या कन्व्हेन्शनला प्लॅटफॉर्ममध्ये देव आणि जेरुसलेम हे दोन उल्लेख परत घालायचा ठराव होता, दोन तृतीयांश आवाज हवा होता, अध्यक्षस्थानी असलेल्या व्हियारायगोसांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हो आणि नाही सारखंच ऐकू आलं, आणि शेवटी त्यांनी ठराव मंजूर करून टाकला. आपल्या सोसायटीच्या एजीएमला बसलेल्या माणसाला हे अजिबात नवीन वाटणार नाही.

पण म्हणून डेलिगेट म्हणजे शोभेचा असं समजू नका, २०२४ चा जुलै आठवा. रविवारी २१ तारखेला बायडन यांनी माघार घेतली आणि एका दुपारीत जवळपास चार हजार निवडून आलेले डेलिगेट मोकळे झाले. त्यांत निवृत्त शिक्षिका होत्या, कॉलेजची पोरं होती, शनिवारी सकाळी कॉकसला माणसं जमवून आलेले आयटीवाले होते, आणि पुढचा उमेदवार कोण हे त्यांच्या हातात होतं. फोन वाजायला लागले, राज्याराज्यांच्या झूम मीटिंगा झाल्या, आणि सोमवारी रात्रीपर्यंत कमला हॅरिस यांच्याकडे बहुमताला लागणाऱ्या १,९७६ पेक्षा जास्त डेलिगेटचा शब्द होता. अधिकृत मतदान ऑगस्टच्या १ ते ५ तारखांना ऑनलाइन झालं, शिकागोला लोक जमायच्या आधीच. म्हणून अर्ज भरतानाच स्वतःला विचारून ठेवा की तुमचा उमेदवार मध्येच गेला तर तुम्ही कोणाचे, कारण तेव्हा विचार करायला तुम्हाला एक दिवससुद्धा मिळणार नाही. आणि डेलिगेशनच्या ईमेल, मेसेज रोज बघत जा, स्पॅमसकट.

उरलंसुरलं

कपडे हवे ते. विस्कॉन्सिनवाले चीजच्या टोप्या घालतात, टेक्सासवाले काउबॉय हॅट, तुम्ही नऊवारी नेसा नाहीतर फेटा बांधा, कॅमेरे शोधत येतील (फेट्याला तपासणीत थोडा वेळ जास्त धरा). स्नीकर्सवर नऊवारी झकास चालते. बिल्ल्यांची अदलाबदल हा तिथला स्वतंत्र धंदाच आहे, प्रत्येक राज्याची आपली पिन असते, मूठभर जास्तीच्या घेऊन जा आणि पहिल्याच दिवशी सगळ्या संपवू नका, गुआमसारख्या छोट्या डेलिगेशनच्या पिना दुर्मिळ असतात.

पत्रकार पावलोपावली. बोलायची सक्ती नाही. बोलायचं असेल तर आधी डेलिगेशनच्या प्रेसवाल्याला विचारा, आणि ऑफिसमध्ये बॉसला माहीत असू द्या की तुम्ही टीव्हीवर दिसू शकता, सगळ्यांनाच ते आवडतं असं नाही. बाहेर निदर्शनं असणारच, कधी डेलिगेटही त्यात असतात. शिकागोत अनकमिटेड डेलिगेटनी युनायटेड सेंटरबाहेर रात्रभर ठिय्या दिला होता, पॅलेस्टिनी अमेरिकन वक्त्याला मंचावर बोलू द्या म्हणून.

पुढचं कन्व्हेन्शन वर्ष २०२८. रिपब्लिकनांनी ह्यूस्टन जाहीर केलंय, म्हणजे तिथल्या मराठी मंडळींना निदान व्हॉलंटियर म्हणून तरी घरबसल्या संधी. परतीचं विमान मात्र शेवटच्या रात्रीनंतर सकाळी सहाचं घेऊ नका. फुगे अकराच्या आसपास पडतात, त्यानंतर बसच्या रांगा लागतात आणि सकाळी एअरपोर्टवर सगळी डेलिगेशनं एकदम येऊन धडकतात. शुक्रवारी दुपारी तीननंतरचं बघा.